उत्तर नाही

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी ते पान मला पाठ आहे.
बचाव साक्षीदार क्रमांक दोन, हिराजी तांडेल,
वय बावन्न, धंदा मासेमारी, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे.
प्रश्न : घटनेच्या रात्री आरोपी कुठे होता?
उत्तर : साक्षीदार उत्तर देत नाही.
खाली न्यायालयाची टीप :
साक्षीदार वेळ काढतो, नजर चुकवतो.
पानावर एकही खाडाखोड नाही.
माझ्या पानांवर कधीच नसायची.

तेच पान घेऊन जागृती नाखवा
खारेगावला माझ्या दारात उभी राहिली.
तिचा नवरा भालू आधी इथे किल्ल्यातल्या जेलात होता,
आता नाशिकला. सात वर्षं सक्त.
म्हणाली, तुम्ही समोरच बसला होतात.
चहा नको म्हणाली.

समोर नाही, बाई. खाली.
साहेबांच्या पायरीखाली टेबल होतं माझं.
तिथून साक्षीदाराचं तोंड नीट दिसत नाही, हात दिसतात.
दोऱ्यानं चिरलेली हिराजीची बोटं
पिंजऱ्याच्या लाकडाला गच्च धरून होती
आणि जीव 'भ'वर अडला होता.

साहेब म्हणाले, गाडी स्टार्ट होत नाही वाटतं,
कुणी धक्का मारतंय का?
आधी सरकारी वकील हसले,
मग आरोपीचे स्वतःचे.
पट्टेवाला दाराकडे तोंड करून हसला.
हिराजीनं पुन्हा सुरुवात केली
तेव्हा साहेबांनी पेनानं टेबलावर ताल धरला,
दर भ-ला एक ठोका.
पाच ठोके. मी मोजले, बोटांना सवय असते.
त्याच्या तोंडून कसंबसं अर्धं वाक्य आलं,
तेवढ्यात साहेबांनी हात वर केला : पुरे.
मग मला म्हणाले, घ्या,
साक्षीदार उत्तर देत नाही.
मी घेतलं.

एकतीस वर्षं हेच केलं.
बोललेलं नाही घेत आम्ही, सांगितलेलं घेतो.
खोकला, हुंदका, कुणाची आई मधेच उठून उभी राहते,
याला यंत्रावर कळ नसते.
हसण्याला तर नाहीच नाही.

निकालपत्र, परिच्छेद अठ्ठावीस :
'साक्षीदाराचे न्यायालयातील वर्तन पाहता
त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.'
वर्तन.
कुणाचं, ते विचारायची सोय नव्हती.

अपील आता मुंबईला आहे.
वकीलबाई गडकर, वयानं माझ्या पुतणीएवढ्या,
म्हणाल्या, वरचं कोर्ट कागद वाचतं
आणि कागद तर साहेबांचीच बाजू सांगतो.
तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल, काका.
नोंदीविरुद्ध, नोंद करणाऱ्याचं.
टिकेल का, याची खात्री देत नाही.
घरी बायको म्हणाली, पेन्शनचा विचार करा.
केला. दोन रात्री केला.

कोर्टनाक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे
त्याच्याच कॉम्प्युटरवर मी स्वतः बसलो.
कलम चार : त्या वेळी मीही हसलो होतो.
वकीलबाई फोनवर म्हणाल्या, ते काढू या, गरज नाही.
राहू दे म्हटलं.
त्याशिवाय बाकीचं कोण खरं मानेल,
आणि मला तरी कसं पटेल.

कलम पाच घेताना बोटं अडखळली.
चुकीचं अक्षर उमटू नये म्हणून तर
उभा जन्म पगार घेतला यांनी.

'भ भ भ भ भालू त्या रात्री मा माझ्या हो'
(येथे साक्षीदारास थांबवण्यात आले.)

छापलेला कागद हातात देताना दुकानातला पोरगा म्हणाला,
काका, पाच नंबरला मिस्टेक आहे,
भ चार वेळा जास्तीचा पडलाय.
मी चष्मा पुसला, बोट ठेवून मोजलं.
खरंच चूक होती.
सरक जरा, म्हटलं,
पाच हवेत.